लग्नपत्रिकेच्या कागदावरच्या कविता

विद्यापीठात कवितालेखनाचा सर्टिफिकेट कोर्स लावला तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. वर्गात बाकी सगळी विशीतली, हिंदीत लिहिणारी मुलं. मराठीवाली मी एकटीच. मॅडम म्हणाल्या, "आप मराठी में ही लिखिए, हमें समझा दीजिएगा." झालं! मला तर तेवढंच हवं होतं. शेवटी पेपर नव्हता. आपल्या कवितांची पुस्तिका छापून घ्यायची, हातानं शिवायची आणि चार लोकांना बोलावून वाचायची.

माझा जीव अडकला होता तो बाबांत. त्यांनी यावं, बस्स. ते मुरारला भावाकडे राहतात. माझी एक ओळ त्यांनी कधी वाचली नाही. विषय निघाला की, "कवितेनं काय होतं गं? त्यापेक्षा..." ते 'त्यापेक्षा' म्हणजे लग्न. मला करायचंच नव्हतं, आणि त्यांना ते कधी पटलं नाही.

दौलतगंजातला प्रेसवाला मुख्यतः लग्नपत्रिका छापतो. "दीदी, ये लाल कागज सीज़न का बचा है, ऐसे ही ले जाओ." फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडतेय! मुखपृष्ठ त्याचंच, निमंत्रणंही त्याचीच. कवितांचं प्रूफ मी सात वेळा तपासलं. निमंत्रणाचं बघितलंच नाही, वेडी कुठली. वर सोनेरी गणपती, खाली ठसठशीत माझं नाव, मग बारीक अक्षरात कवितापाठ. आणि तळाशी, प्रेसवाल्या भैयांनी सवयीनं राहू दिलेली, आत्याच्या लग्नाला बोलावणाऱ्या भाचरांची बोबडी ओळ: "हमाली बुआ की छादी में जलूल आना."

टोपी बाजारातल्या मावशीचा पहिला फोन. "अगं, मुलगा कोण? सांगायचं तरी!" हसून हसून माझं पोट दुखलं. मग बाबांचा आला. ते आपणहून कधी फोन करत नाहीत. आवाज असा टवटवीत की मी ओळखलाच नाही. "कोट धुवायला टाकलाय. काय करतो गं मुलगा?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. "बाबा, लग्न नाही. मी कविता वाचणारेय."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्या कागदाचा आणि माझ्या आळशीपणाचा असा संताप आला मला!

कवितापाठाच्या दिवशी मावशी तरीही पैठणी नेसून आली. बाबा नव्हते. दोन कविता वाचल्या, कशाबशा. तिसरीला दार वाजलं. भावाचा हात धरून बाबा आत आले, तो कोट घालून, आणि पहिल्या रांगेत बसले. शेवटपर्यंत कानामागे हात धरून ऐकत होते.

संपल्यावर त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत आईच्या पाटल्या.

"जाताना ती म्हणाली होती, हिला देऊन टाका. लग्नात देऊ, असं मीच ठरवलं," बाबा म्हणाले. "तिनं लग्नाचं काही म्हटलं नव्हतं. हात कर पुढे."