लाईट गेल्यावर अण्णा

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, काचबिंदूमुळे दिसत नाही. न दिसणाऱ्या माणसाला लाईट असली काय अन् नसली काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण सिरसाळ्यात लाईट गेली की आमच्या घरात सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होतात, हे कळायला मला बराच काळ लागला.

बाजारात आमचं किराणा दुकान आहे. अण्णा दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. नजर गेली तसं त्यांनी सगळं कानांवर घेतलं. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्यांनी ओळखलेलं असतं. कुणाची चप्पल घासत येते, कुणाची फटफटी बंद होताना आचके देते, कोण आधी खाकरतं आणि मग तुरीच्या डाळीचा भाव विचारतं. "या मास्तर, गुडघा काय म्हणतोय?" असं ते म्हणाले की मास्तर खूश होऊन ठरवल्यापेक्षा जास्त साखर नेतात. माझ्या तोंडाकडं बघून कुणी पाव किलो जास्त नेल्याचं मला आठवत नाही.

आणि मग लाईट जाते. कधी डीपी जळते, कधी वारा सुटतो, कधी काहीच होत नाही तरी जाते. फोन केला की वायरमन म्हणतो, "वरूनच न्हाई शेट." हे 'वर' कुठं आहे ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही. वीज तयार होते आमच्याच परळी तालुक्यात, म्हणून जरा जास्तच चीड येते.

लाईट गेली की शेजारचा आईसक्रीमवाला दोरी ओढून जनरेटर चालू करतो. ते आमच्या दाराला खेटूनच ठेवलेलं आहे. एकदा धडधडायला लागलं की फळीवरचे डबेसुद्धा थरथरतात. गिऱ्हाईक बोटानं वस्तू दाखवतं, मी बोटांनी भाव सांगतो. माझं भागतं. अण्णांना बोटं दिसत नाहीत.

एकदा मी चिडून भांडायला गेलो. तो माझ्याहून लहान, मला दादा म्हणतो. त्यानं फ्रीजरचं झाकण उघडून दाखवलं. "माल इरघळला तर मी काय करू दादा? तुमीच सांगा." त्यानं जनरेटरचं तोंड पलीकडं वळवून बघितलं, तर समोरच्या दवाखान्यातून ओरड झाली. खाली जुनं टायर टाकून बघितलं, काही फरक पडला नाही. शेवटी त्यानं अण्णांसाठी एक कुल्फी दिली. भांडायला गेलेला मी कुल्फी घेऊन परत आलो.

अण्णांना आत बसवावं म्हटलं तर घर दुकानाच्या मागंच आहे, आवाज तिथंही येतो. शिवाय ते ऐकत नाहीत. "आत बसून काय करू बे, भिताडं चाचपू?" हे त्यांचं उत्तर.

यंदा उन्हाळ्यात धर्मापुरीहून त्यांचे शाळेतले एक सोबती आले. कैक वर्षांनी येत होते; अण्णांची नजर गेलेली त्यांना ठाऊक नव्हती. जनरेटर चालू होतं आणि मी आत पोती लावत होतो. त्यांनी समोर उभं राहून राम राम घातला, पुन्हा घातला. अण्णा रस्त्याकडं तोंड करून तसेच बसलेले. "गड्यानं वळख दिली न्हाई," असं आईसक्रीमवाल्याला सांगून ते निघून गेले. नंतर मी फोन करून सगळं सांगितलं, त्यांनाही वाईट वाटलं. पण अण्णा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "आपल्या दारातून माणूस उभ्या उभ्या गेला," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून जनरेटर चालू झालं की अण्णा ताठ बसतात, हात जोडतात आणि थोड्या थोड्या वेळानं मोठ्यानं म्हणतात, "या, बसा." समोर बहुतेक वेळा कुणी नसतं. एकदा शेळी होती. येणारे-जाणारे आधी हसायचे, आता तेही हसत नाहीत, आणि ते मला जास्त लागतं. आवाज थांबल्यावर मी एकदा म्हणालो, "अण्णा, कुणी नसतंय तिथं."

"आन् असलं तर?"



मागच्या आठवड्यात मी परळीला माल आणायला गेलो होतो. यायला उशीर झाला. आलो तर लाईट गेलेली, जनरेटर चालू. मी पायऱ्या चढून त्यांच्या अगदी पुढ्यात उभा राहिलो. त्यांना माझी सावली जाणवली असेल, नाहीतर डिझेलच्या वासातून घामाचा वास आला असेल. त्यांनी हात जोडले.

"या, बसा साहेब."

जन्मभर मला अरे-तुरेशिवाय न बोललेला माणूस. "अण्णा, मी हाय," मी म्हणालो. माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी बाजूचं स्टूल चाचपून पुढं सरकवलं. मला रडू फुटलं आणि मी पाहुण्यासारखा त्या स्टुलावर बसलो. ते माझ्याकडं वाकले आणि आवाजावर आवाज चढवून म्हणाले,

"पोरगा परळीला गेलाय. लई येळ झाला. मला दिसत न्हाई, तुमी जरा बघता का, येतोय का त्यो?"

मी रस्त्याकडं बघितलं.