डबलसाहेबांचे दोन राउटर

डबलसाहेबांना घरात कुठलीही वस्तू एकटी दिसली की चैन पडत नसे. दाराला दोन कुलपं, पाण्याला दोन फिल्टर, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. एकदा खोकला झाला, तर गृहस्थ दोन डॉक्टरांकडे गेले, दोघांची औषधं एकदम घेतली आणि बाथरूमच्या दारात भोवळ येऊन पडले. शुद्धीवर आल्यावर म्हणतात काय, "एकाच डॉक्टरच्या नादी लागलो असतो तर आज वाचलो नसतो!" आता बोला.

जन्म गेला पंपाच्या कारखान्यात, भांडार सांभाळण्यात. जे लागेल ते दुप्पट मागवायचं, अर्धं गंजू द्यायचं आणि वर दूरदृष्टीच्या गप्पा मारायच्या. नावही तिथलंच चिकटलेलं. निवृत्त झाले तशी ती दूरदृष्टी घरच्यांच्या नशिबी आली. सून त्यांना तोंडावर बाबा म्हणायची आणि मनात डबलसाहेब. मनातलं म्हणणं जास्त मनापासून असायचं.

सून अडखळत बोलणाऱ्या माणसांवर उपचार करायची. मागच्या खोलीत बसून, व्हिडिओ कॉलवर. नेट कंपनीने दिलेला राउटर हॉलमध्ये, त्यामुळे मागे रेंज जरा कमी पडायची. तिने एकदा, फक्त एकदा, तसं बोलून दाखवलं. झालं! दुसऱ्या दिवशी डबलसाहेब नवाकोरा राउटर काखेत मारून हजर. "आता बघ कसं दुप्पट धावतंय ते!"

तो दुसरा राउटर मागच्या खोलीपाशी ठेवावा, हे शेंबडं पोरही सांगेल. साहेबांनी तो पहिल्याच्या डोक्यावर बसवला, टीव्हीच्या कपाटात, आणि धूळ नको म्हणून काच लावून घेतली. एका आखूड वायरीने दोघांची गाठ मारून दिली. सोबत आलेली पुस्तिका वाचणं म्हणजे कमीपणा, ती प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिली. त्या दिवसापासून सुनेचा कॉल दर दोन वाक्यांनी तुटायला लागला.

"बाबा, नेट फार हळू झालंय हो."

मग साहेब कपाटाला नाक लावून उभे राहणार आणि मोबाइलवर स्पीड मोजणार. "हे बघ! काटा कुठे गेलाय बघ!" अहो, चुलीला टेकून बसलं की कुणालाही ऊब लागते!

"मागच्या खोलीत येऊन मोजा ना."

"मागे कशाला? राउटर इथे आहे."

यावर माणूस काय बोलणार, कपाळ? नवऱ्याला सांगावं तर तो बापाहून ग्रेट. "ऐकून घे ना त्यांचं, तुझं काय जातंय?" तिचं काय जात होतं ते त्याने कधी विचारलंच नाही.

तिच्या हातचा एक पेशंट जात होता, एक रंगारी. भिंती अशा रंगवायचा की हात फिरवावासा वाटे, पण फोन वाजला की घशात कोंडी. गिऱ्हाइकांशी बोलायचं ते त्याच्या बायकोने. आता एका मोठ्या इमारतीचं काम चालून आलं होतं, आणि मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, बायको नको, तू स्वतः फोन कर, नाहीतर दुसरा बघतो. त्या एका फोनसाठी हा गडी तिच्याकडे शिकत होता. श्वास सोडत सुरुवात, पहिला शब्द हलका. चांगलं जमायलाही लागलं होतं.

पण स्क्रीनवर त्याचं तोंड उघडं राहायचं, "नमस्कार"चा नुसता "न" यायचा, आणि हा अडकला की नेट अडकलं हे तिला कळायचं नाही. "पुन्हा म्हणा," ती म्हणायची. त्याला वाटायचं, आपणच चुकलो. "नाही हो दादा, नेट होतं." असं दहा वेळा ऐकल्यावर त्याला वाटायला लागलं, ताई बिचारी आपलं मन राखतेय. ती खरं बोलत होती आणि तेच खोटं ठरत होतं. संताप संताप व्हायचा तिचा.

एक दिवस कॉल चालू असतानाच ती दारातून ओरडली, "बाबा, तो वरचा राउटर बंद करा हो जरा!" साहेब तरातरा खोलीत आले. "माझ्या राउटरला नावं ठेवू नकोस! नेट नाही अडकत, तो माणूसच अडकतोय! तोतरा तो, आणि खापर माझ्यावर?"

दिवसभर रडणारं नेट नेमकं त्या वेळी स्वच्छ चाललं. एक अक्षर गळलं नाही. रंगाऱ्याने मान खाली घातली आणि कॉल बंद केला. नंतर सुनेने फोन लावला, तर तो त्याच्या बायकोने उचलला. "ते म्हणतात, राहू दे आता."

दुपारी डबलसाहेब घोरायला लागल्यावर सुनेने कपाट उघडलं. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आता या अडवणार, असं तिला वाटलं. "कर तू," सासूबाई हळूच म्हणाल्या. "उठले तर मी बघते त्यांच्याकडे."

वरचा राउटर बंद करून तिने लॅपटॉप वायरने थेट कंपनीच्या राउटरला जोडला. नेट धावलं. वरचा सुरू केला, पुन्हा रडगाणं. म्हणजे रोग सापडला. तिने पुस्तिका पिशवीतून काढून वाचली. दोघांचा नेटवर्कवरचा पत्ता एकच, दोघं वायफायच्या एकाच चॅनेलवर, आणि घरातल्या फोनना नंबर वाटायचं कामही दोघंच करतायत! एका दारावर दोन रखवालदार बसवले आणि दोघांनी तेच तेच टोकन वाटलं, तर गोंधळ होणार नाही तर काय? तिने नव्याचा पत्ता बदलला, त्याचं नंबर वाटणं बंद केलं, चॅनेल वेगळा दिला. मग लांब वायर भिंतीकडेने नेऊन त्याला आपल्या खोलीबाहेर बसवला. ती वर चढली तेव्हा सासूबाईंनी खुर्ची धरली.

"माझं कपाट कुणी उघडलं?" साहेब उठलेच.

"मी. आणि बाबा, तुम्ही त्याला तोतरा म्हणालात ते त्याने ऐकलंय. अडखळत होता तुमचा राउटर. लाज वाटायला हवी तुम्हाला!"

लाज? ती तर कोळून प्यायलेली. "चालतंय ना आता? मी दुसरा आणला म्हणून चालतंय!" संध्याकाळी फाटकापाशी शेजाऱ्याला सांगत होते, सगळी जोडणी मीच केली, आता तिसरा आणायचा विचार आहे.

सुनेने रंगाऱ्याला मेसेज टाकला. नेट दुरुस्त केलंय, एकदाच या, नाही पटलं तर पुन्हा बोलावणार नाही. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर तो दिसला, कानावर रंगाचा शिंतोडा, चेहरा पडलेला. चित्र मात्र लख्ख.

"न... न... नमस्कार," तो म्हणाला आणि थांबला. "ताई, खरं सांगा. हे न-नेट होतं की मी?"

नेटवर ढकलणं सोपं होतं. तेवढ्याने त्याचा आजचा दिवस बरा गेला असता.

"तुम्ही होतात, दादा. नेट अजिबात नव्हतं."

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "ब-बरं झालं," तो म्हणाला. "माझं असेल तर मला त्याचं काहीतरी करता येईल." मग खिशातून दुसरा फोन काढून त्याने मालकाचा नंबर लावला. "तुम्ही नुसतं ऐका ताई. अडकलो तरी मध्ये बोलू नका."