करवतीच्या वरचा आवाज

शाळेच्या भिंतीला लागूनच लाकडाची वखार होती आणि वखारीत करवत. सकाळची हजेरी संपायच्या आत ती सुरू व्हायची आणि दुपारी कामगारांनी डबे उघडले की तेवढीच काय ती गप्प बसायची. बाकी दिवसभर वर्गात तिचंच राज्य. नवा शिक्षक आला की पहिल्या आठवड्यात त्याचा घसा बसायचा आणि महिन्याभरात तो बदलीसाठी कुणाच्या तरी ओळखी काढू लागायचा. टिकल्या त्या एकट्या भोंगाबाई.

नाव मुलांनी ठेवलं होतं, मुलांच्या आयांनी उचललं होतं आणि बाईंनी ते दागिन्यासारखं मिरवलं होतं. अंगकाठी फुंकर मारली तर उडेल अशी, पण तोंड उघडलं की आवाज थेट करवतीच्या वर. मागच्या बाकावर कुणी जांभई द्यायला लागलं तर ती जांभई अर्ध्या वाटेवरून परत जायची. वखारीतले कामगार म्हणायचे, "बाईंच्या कृपेने आमचेसुद्धा पाढे पक्के झाले."

बाई हंगामी म्हणून लागल्या तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता. आता त्याला दाढी आली होती आणि बाई अजून हंगामीच होत्या. हातात पडायचं ते मानधन. पगार हा शब्द त्यांच्या वाट्याला कधी आलाच नाही. शाळेचा शिपाई दर महिन्याला न चुकता चिडवायचा, "बाई, मान तुम्हाला आणि धन मला!" बाई हसायच्या. न हसून करतात काय?

शिक्षकाची पदविका घ्यायचं त्यांनी मनावर घेतलं नव्हतं असं नाही. एकदा ठरवलं तर सासूबाई अंथरुणाला खिळल्या. पुन्हा ठरवलं तेव्हा नवऱ्याने, तो शिंपी, तोंडातली टाचणी न काढताच विचारलं, "पदविका घेतल्यावर मानधन वाढेल?"

"नाही."

"मग?"

आणि शेवटी सगळं जुळून आलं तर हेडसरांनीच हात जोडले. "बाई, तुम्ही दोन वर्षं गेलात तर हा वर्ग कुणाच्या गळ्यात मारू? आणि तुम्हाला हवी कशाला पदविका? तुमच्या घशातच आहे ती!"

बाई खुलल्या. भरलेला अर्ज पर्समध्येच जुना झाला.

आणि यंदा वरून हुकूम आला, की पदविका नसेल त्याने वर्गावर उभं राहायचं नाही. मागोमाग नव्या मॅडम हजर झाल्या. पंधरवडाभर दोघींनी मिळून तिसरीचा वर्ग चालवायचा, मुलं रुळली की बाईंनी बाहेर पडायचं, असं ठरलं. हे सांगताना हेडसर बाईंकडे न पाहता टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. "मी तरी काय करणार, बाई? जागा एकच देतात."

"एका वर्गाला दोघी ठेवल्या तर?" बाईंनी विचारून पाहिलं. "त्या शिकलेल्या, मी मुरलेली."

"दोन शिक्षक एका वर्गाला!" हेडसर मनापासून हसले. "अहो, इथे चार वर्गांना तीन आहेत!"

बातमी बाहेर फुटली तशी पालक पेटून उठले. सगळ्यांत पुढे होती ती शाळेसमोरच्या टपरीतली इस्त्रीवाली. नवरा नाही, एकच मुलगी, ती पहिलीपासून बाईंच्याच वर्गात. इस्त्रीवालीने गिऱ्हाइकांच्या कपड्यांबरोबर निरोपही घरोघर पोचवला: सोमवारी सगळ्यांनी मिळून शिक्षण कचेरीत जायचं, आमच्या बाई आम्हाला परत द्या म्हणून ठाण मांडायचं. हेडसरांनी बाईंच्या कानात सांगितलं, की पालकांनी जोर लावला तर एक वर्ष मुदतवाढ मिळू शकते. मॅडमना दुसरीकडे पाठवतील. बाईंच्या जिवात जीव आला. वर्ष तर वर्ष. वर्गाबाहेर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

मॅडम वयाने त्यांच्या मुलापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या. आवाज असा बारीक, की पहिल्याच दिवशी मुलं ओरडली, "मॅडम, मोठ्यानं!" बाई खिडकीशी उभ्या राहून रुमालाआड हसल्या. पण मॅडमनी घसा ताणला नाही. त्यांनी बाक सरकवून गोल करायला लावले, मध्ये स्टूल घेऊन बसल्या आणि मुलांशी बोलायला लागल्या.

घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला साग्रसंगीत नक्कल करून दाखवली. "हे बाक इकडे, ते बाक तिकडे. शाळा आहे का सर्कस?"

"मुलं शिकली का पण?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही तुमची काजं करा."

इस्त्रीवालीची मुलगी वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून पहिलीपासून शेवटच्या बाकावर. डोळे मोठे आणि कायम कुठेतरी लागलेले. बाईंनी लाडाने तिचं नाव ठेवलं होतं तंद्री, आणि ते इतकं चिकटलं, की आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायची. अभ्यासात बेताची. काही विचारलं की आधी शेजारणीच्या वहीत डोकवायची. दरवर्षी बाई इस्त्रीवालीला सांगायच्या, "पोरगी गुणाची आहे हो, पण लक्ष देत नाही. घरी जरा धाकात ठेवा." तिचा हिरमोड होऊ नये म्हणून त्यांनी तिला घंटेचं काम दिलं होतं. व्हरांड्यात टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा, त्यावर सळईचे टोले. तंद्री टोले द्यायची आणि मग रुळावर तळवा टेकून डोळे मिटून उभी राहायची, पार तो शांत होईपर्यंत. बाईंना ते रोज दिसायचं. रोज त्या म्हणायच्या, "झालं का गं तुझं? चल वर्गात!"

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस, करवत गप्प असताना, मॅडमनी खेळ घेतला. तोंडासमोर पाटी धरून त्या एकेक वस्तू सांगायच्या आणि मुलांनी ती उचलून दाखवायची. खडू. पट्टी. पेन्सिल. तंद्री दर वेळी इतरांचे हात उठायची वाट बघत होती. मॅडमनी पाटी खाली घेतली आणि तेच शब्द तितक्याच हळू पुन्हा सांगितले. तंद्रीने सगळ्यांच्या आधी पट्टी उचलली. मॅडमनी पाटी वर घेतली. तंद्रीचे डोळे पुन्हा सैरभैर.

शाळा सुटल्यावर मॅडम दारात घोटाळल्या. "बाई, त्या घंटा देणाऱ्या मुलीला... मला वाटतं, तिला कमी ऐकू येतं. ती ओठ वाचते."

"अहो, ती तंद्रीत असते!" बाई फटकन म्हणाल्या. "तीन वर्षं बघते आहे मी तिला. तुम्हाला आठ दिवस झाले."

"मलाही खात्री नाही," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "पदविकेला आम्हाला यावर एक धडा होता. दोनच तासांचा. तेवढंच येतं मला."

बाईंनी पदर खोचला आणि तडक निघाल्या. ही कालची पोर. हिला अजून पुरता पगारसुद्धा सुरू नाही, तीन वर्षं उमेदवारी करायची आहे. दोन बस बदलून येते आणि आपल्याला शिकवते!

पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा त्या तंद्रीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. वखार गप्प होती. तंद्री रुळावर तळवा टेकून उभी होती.

"तंद्री!" त्यांनी नेहमीच्या आवाजात हाक मारली. पोरीने लगेच मान वळवली आणि हसली. बाईंचा जीव भांड्यात पडला. बघा! म्हणे ऐकू येत नाही! तिचं तोंड पुन्हा रुळाकडे झालं तशी बाईंनी पुन्हा हाक मारली, पण या वेळी घरात नवऱ्याला मारतात तशी, साध्या माणसाच्या आवाजात.

काही नाही.

त्या एक पाऊल पुढे सरकल्या. पुन्हा मारली. अगदी वेणीपाशी तोंड नेऊन, तिचं पटावरचं नाव घेऊन मारली. तंद्रीचे डोळे मिटलेले, ओठांवर हसू, तळवा लोखंडावर. बाई तिच्या हाताकडे बघत राहिल्या. तीन वर्षं ज्याला त्या चाळा समजत होत्या, ते पोरीचं ऐकणं होतं.

मग एकेक गोष्ट, उसवलेल्या शिवणीसारखी, सरसर सुटत गेली. आपण फळ्याकडे तोंड करून लिहीत लिहीत बोलतो. आपण हिला शेवटच्या बाकावर बसवलं. आपण हिला नाव ठेवलं. आणि ते लाडाने ठेवलं.

वर्गात येऊन त्या मॅडमशेजारी बसल्या. मॅडमनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. "तुमचा आवाज होता म्हणून ती एवढं तरी शिकली, बाई," त्या म्हणाल्या. मन राखायला म्हणाल्या नसाव्यात, खरंच असावं. पण त्याने बाईंना जास्तच लागलं.

शनिवारी शाळा लवकर सुटली. बाई रस्ता ओलांडून टपरीत गेल्या. इस्त्रीवाली एका शर्टाच्या कॉलरशी झटत होती. बाईंना बघून तिचा चेहरा फुलला. "या, बाई! सोमवारची तयारी झाली बघा. वखारीतले चार जण पण येतो म्हणालेत. म्हणतात, बाई गेल्या तर आमचा टाइमपास गेला!"

"सोमवारी जायचं नाही," बाई म्हणाल्या.

"घाबरू नका हो. आम्ही आहोत ना."

"तसं नाही. तुमच्या मुलीला ऐकायला कमी येतं."

इस्त्री शर्टावरच थांबली. बाईंनी सगळं सांगितलं. पाटीचा खेळ, रूळ, वेणीपाशी मारलेली हाक. आवाज करवतीच्या वर न्यायची सवय. तो खाली कसा आणायचा हे कळेना, त्यामुळे मधूनच फाटत होता. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मॅडमच्या आठ दिवसांत आलं. मला कुणी शिकवलं नाही हे खरं, पण पोरगी तुमची आहे. तिला मॅडम हव्यात. मी नाही."

जळका वास आला तशी इस्त्रीवालीने इस्त्री उचलून उभी केली. शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता. ती त्याच्याकडेच बघत राहिली.

"तुम्ही सांगायचात, लक्ष देत नाही, धाकात ठेवा," ती म्हणाली. "मी ठेवली हो धाकात."

बाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"एकदा तर..." तिने उलटा हात नाकावरून फिरवला आणि शर्टाची घडी घालू लागली, डाग आत जाईल अशी. मग ती घडीही उलगडून टाकली.

"मॅडम म्हणत होत्या, मोठ्या दवाखान्यात कान तपासून घेऊ," बाई कशाबशा म्हणाल्या. "सोमवारीच. मी येते बरोबर."

"नको," इस्त्रीवाली म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना तो झेलता आला असता. "मॅडम येतील ना? मग पुरे. तुम्ही नका येऊ."

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "मग सोमवारी कितीला निघायचं? मीपण दुकान बंद ठेवतो."

"कुठे नाही जायचं. सोमवारचा दिवस मी शाळेत आहे. शेवटचा." बाईंनी कणकेत पाणी जास्त घातलं होतं, आता पीठ घालत होत्या. नवऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "बसतेस का जरा?" तो म्हणाला. बाई बसल्या नाहीत.

सोमवारी सकाळी बाईंनी खिडकीतून तिघींना बसथांब्याकडे जाताना पाहिलं. मॅडम मुलीशी बोलताना दर वेळी थांबून, वाकून तिच्यासमोर येत होत्या, त्यामुळे रस्ता काही सरत नव्हता. इस्त्रीवाली पिशवी छातीशी धरून पुढे जायची, थांबायची, मागे वळून बघायची. एकदा तिनेही खाली वाकून मुलीच्या तोंडासमोर तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. मुलगी हसली. आई सरळ झाली तेव्हा पदर डोळ्यांना होता.

वर्ग दिवसभर बाईंचाच होता. बाकांचा गोल त्यांनी मोडला नाही. करवत चालू झाली. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं, तोंड मिटून लिहिलं, खडू ठेवला, मग वळल्या आणि मुलांकडे बघून बोलायला लागल्या. दर ओळीला असंच. हात थांबला की तोंड, तोंड थांबलं की हात. फार वेळ लागत होता.

"बाई, आज तुम्ही फळ्याशी भांडत नाही?" पुढच्या बाकावरच्या एका वात्रट पोराने विचारलं आणि वर्ग खिदळला.

"नाही रे," बाई म्हणाल्या. "फळ्याची काही चूक नव्हती."

एकदा सवयीने त्यांनी इस्त्रीवालीच्या मुलीच्या जागेकडे बघून खडूची पेटी पुढे केली. तिथे कुणी नव्हतं.

शाळा सुटायची वेळ झाली आणि घंटा वाजेना. मुलं चुळबुळू लागली. शिपाई दारातून डोकावला, "देऊ का मी टोले?" बाईंनी मान हलवली आणि स्वतःच व्हरांड्यात गेल्या. सळई त्यांनी कधी हातात धरली नव्हती. वाटली त्याहून जड निघाली. टोले दिले. मुलांचा लोंढा त्यांच्या दोन्ही बाजूंनी ओरडत बाहेर गेला. "येतो, बाई! उद्या भेटू, बाई!" आजचा दिवस शेवटचा, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी रुळावर तळवा टेकला. लोखंड अजून थरथरत होतं. ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत चढली, मग हळूहळू बारीक होत गेली. पलीकडे करवत किंचाळत होती, वाटेवर मुलं दंगा करत होती. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि रूळ पार शांत होईपर्यंत हात काढला नाही.