पडदेभाऊंच्या चिठ्ठ्या

पडदेभाऊ समोर बसलेल्या माणसालाही चिठ्ठी लिहायचे. तालमीत पेटीवाला हाताच्या अंतरावर असला, तरी भाऊ खिशातून कागद काढायचे, दोन ओळी लिहायचे आणि त्याच्या मांडीवर ठेवायचे. पेटीवाला म्हणायचा, "भाऊ, तोंड हाय ना तुमाला?" भाऊ म्हणायचे, "तोंडचं तू घरी जाईस्तोवर विसरशील. कागद खिशात राहील."

त्यांचं खरं नाव थोड्याच लोकांना ठाऊक होतं. पालघरजवळच्या माहीम, केळवे, एडवण या पट्ट्यातल्या गावांत होळीला, जत्रेला नाटकं होतात. त्यांचे पडदे भाऊ रंगवायचे, रंगमंचावर घर, देऊळ, तुरुंग उभं करायचे आणि पात्रांचे कपडेही तेच ठरवायचे. मूळचे माहीमचे, पण बायको गेल्यावर पालघरला मुलाकडे राहायला आले. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात ते आणि सूनच असायची.

मी बोईसरजवळ सरावलीला राहते. आम्ही जळगावकडचे. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आलो. चाळीतल्या बायकांचे ब्लाउज मी शिवते. बोईसरच्या टेलरने परत पाठवल्यावर भाऊ माझ्याकडे आले. त्यांना नवं शिवलेलं कापड जुनं, वापरलेलं दिसायला हवं होतं आणि टेलर म्हणाला होता, असल्या कामाने दुकानाचं नाव खराब होईल. भाऊ आमच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाय, वाईट शिवता येतं का तुला?"

मला हसू आलं, पण मी पदर तोंडाला लावून आत गेले. परक्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. नवरा म्हणाला, "ती बोलत नाही. काम नीट करते." भाऊंचा चेहरा उजळला. "मग झकास. मी लिवीन."

तेव्हापासून त्यांची पिशवी येऊ लागली. पालघर-बोईसर शेअर रिक्षा चालवणारा सुदाम ती आणून द्यायचा. "वहिनी, सरकारी हुकूम आलाय," असं ओरडायचा, म्हणजे सगळी चाळ दारात. पिशवीत कापड असायचं, पेन्सिलीने काढलेलं चित्र असायचं आणि जुन्या नाटकाच्या जाहिरातीच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीत माप शेवटी. आधी माणूस. "हा कारकून आहे. घरी बटण लावणारं कुणी नाही. तिसरं बटण वेगळ्या रंगाचं लाव." "ही मोठी बहीण. हिने सगळ्यांचं केलं, हिचं कुणी केलं नाही. साडी चांगली असू दे, पण घडीवर विरलेली." मी ते बोट ठेवून वाचायची. वाचता वाचता ती बहीण मला आमच्या गावातली कुणीतरी वाटायला लागायची.

लोक त्यांना म्हणायचे, एवढं कशाला, फोन करा की. भाऊ म्हणायचे, "फोनवरचं माप वाऱ्यावर जातं."

मी काही विचारायचं असलं तर कापडाला लाल दोरा बांधून पाठवायची. लाल दोरा म्हणजे इथे अडलंय. भाऊ ते चालवून घ्यायचे. पण एकदा त्यांनी लिहिलं, "दोऱ्याने भांडता येत नाही. लिहून पाठव. माझ्याशी भांडणारं कुणीतरी हवं." मी दोन दिवस पेन घेऊन बसले होते. चौथीनंतर मी कुणाला काही लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, "बाहीला कापड कमी पडतं. काय करू." उत्तर लगेच आलं. "बाही आखूड कर. गरिबाची बाही आखूडच असते. छान विचारलंस." माझं अक्षर वाईट होतं, चुका असतील, पण त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. मग मी लिहीतच गेले. घरात माझा आवाज कुणी फारसा ऐकत नाही. भाऊंना मात्र माझी दोन ओळींची चिठ्ठी आली नाही तर ते सुदामला विचारायचे, "बाय आजारी हाय का?"

एक गोष्ट त्यांनी मला पहिल्यापासून बजावली होती. "मी काढलेल्या रेघेवर शंका घ्यायची नाही. रेघ वाकडी असेल तर तो माणूस वाकडा आहे."

एडवणच्या नाटकात एक श्रीमंत वाडीवाला होता, मोठ्या बागांचा मालक. त्याच्या लांब कोटाचं चित्र आलं. कोटाची खालची कड आणि पुढची पट्टी सगळी लाटांसारखी वरखाली. असा कोट मी पाहिला नव्हता. पण रेघ होती तशी कापली. ती वळणं उलटवून, आतून पट्टी लावून शिवताना माझी बोटं दुखली.

रंगीत तालमीला भाऊंनी मला बोलावून घेतलं, कुणाचा कपडा उसवला तर तिथेच टाका घालायला. वाडीवाल्याचं काम करणारा कोट घालून पुढे आला तशी मंडळी हसायला लागली. तो म्हणाला, "भाऊ, हा कोट हाय का परकर?"

भाऊंनी कोटाची कड हातात घेतली. तिच्यावरून बोट फिरवत गेले. तेव्हा मी त्यांचा हात पाहिला. तो थरथरत होता. बोट नाही, सगळा हात. मी शिवलेल्या लाटा कुठून आल्या ते मला कळलं.

"असाच पायजे," भाऊ म्हणाले. "माज चालताना हलतो. चालून दाखव." तो चालला. खरंच बरं दिसलं. हसणं थांबलं. भाऊंनी हात खिशात घातला तो शेवटपर्यंत काढला नाही. चहाही घेतला नाही. परतताना रिक्षात एवढंच बोलले, "तू बरोबर शिवलंस, बाय. मी जे काढलं तेच शिवलंस."

पुढच्या पिशव्यांत चित्र नव्हतं. नुसते शब्द होते. मग शब्दही एकमेकांवर चढायला लागले. मी अंदाजाने शिवायची. मग एकदा माहीमच्या नाटकाचं कापड आलं, सोबत काहीच नाही. मी दुसऱ्या दिवशी पालघरला गेले. एकटी गेले.

भाऊ खिडकीशी बसले होते. सून म्हणाली, "माहीमचं मंडळ रोज फोन करतं. हे घेत नाहीत. मी सांगते म्हटलं तर सांगू देत नाहीत." होळी जवळ आली होती. माहीमवाले भाऊंच्या भरवशावर थांबले होते, दुसरीकडे कपडे सांगत नव्हते. आणि भाऊंच्या तोंडून नाही निघत नव्हतं. चाळीस वर्षं गावाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं.

"लिवशील?" त्यांनी मला विचारलं. मी कागद घेतला. ते हळूहळू सांगत गेले. यंदापासून मला काम होणार नाही. तुम्ही थांबू नका. कपडे भाड्याने आणा, पण आईचं काम करणाऱ्याला चकचकीत साडी देऊ नका. मी लिहिलं. "वाच," म्हणाले. शाळेनंतर मी कुणासमोर मोठ्याने वाचलं नव्हतं. वाचलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते.

मी पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मान हलवली. "सही तूच कर."

"तुमचं नाव मी कसं लिहू, भाऊ?"

"लिव. नायतर ते थांबून राहतील बिचारे."

मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. सुनेने पत्र पाकिटात घातलं. भाऊ म्हणाले, "जा आता. उशीर होईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

माहीमला नाटक झालं. कपडे भाड्याचे होते. भाऊ गेले नाहीत.

मी मात्र लिहीत राहिले. दोन ओळी, त्याच पिशवीत घालून सुदामच्या हाती. आज शाळेचे गणवेश आले. मशीनचा पट्टा तुटला. उत्तर येणार नाही हे माहीत होतं. सून सुदामला म्हणायची, वाचून दाखवते, ऐकतात.

पावसाळ्याच्या शेवटी सुदाम पिशवी परत घेऊन आला. "वहिनी, घराला कुलूप हाय. शेजारी म्हणाले, भाऊंना सकाळी माहीमला नेलं. तिकडंच अग्नी देणार." मी पिशवी घेतली. आत माझीच चिठ्ठी होती. एका म्हातारीचं काळं जाकीट शिवायला आलं होतं, त्याला अस्तर कसलं लावू, असं मी विचारलं होतं.

अस्तर मी माझ्या मनाने लावलं. बरोबर झालं की चुकलं, ते कुणी सांगितलं नाही.