क्रेनवाला आणि वाळूतली तोफ

अलिबागचा तो क्रेनवाला माझ्या वाचनालयात यायचा तो फक्त तोफांबद्दल वाचायला. वाचताना त्याचे ओठ हलायचे आणि मध्येच तो मोठ्याने विचारायचा, "सर, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात एका पुस्तकं विकणाऱ्यानं बर्फावरनं तोफा ओढत नेल्या. बैल लावून! खरं हाय?"

"खरं आहे," मी म्हणायचो.

काशीदच्या किनाऱ्यावर वाळूतून एक जुनी तोफ उघडी पडली, तेव्हा सरपंचांनी त्यालाच बोलावलं; मीही सोबत गेलो. त्याने टाचेने वाळू दाबून पाहिली आणि क्रेन रस्त्यावरच ठेवली.

"क्रेन रुतंल. बैल आणा."

लोक हसले. त्याने मात्र जाड फळ्या एकत्र ठोकल्या, पहारींनी तोफ त्यांवर चढवली आणि शर्यतीच्या बैलांच्या दोन जोड्या जुंपल्या. भरतीचं पाणी घोट्याला लागलं, तेव्हा कुठे तोफ हलली.

ती कोरड्यात येताच शिट्ट्या वाजल्या, फोटो निघाले. तो गुडघे टेकून तोफेच्या तोंडातली वाळू बोटांनी काढत होता. शाबासकी द्यायला मी वाकलो.

"सर," तो हळूच म्हणाला, "हिनं किती माणसं मारली असतील, ते कुठल्या पुस्तकात न्हाय का?"

माझ्याकडे तसं पुस्तक नव्हतं.