फीत जिथे थांबली होती

आमच्या सासरी एक रीत होती. घरातलं माणूस गावाला गेलं की शास्त्रवाचन थांबायचं. एरवी रोज दिवेलागणीला माझे यजमान पवित्र शास्त्रातला एक अध्याय मोठ्यानं वाचत, उत्पत्तीपासून ओळीनं, काही न गाळता. पण कुणी मुंबईला नाहीतर श्रीवर्धनला गेलेलं असलं, तर ते परत येईपर्यंत पुस्तक रुमालात बांधून फळीवर ठेवलं जाई. एकाचा अध्याय चुकला तर सगळ्यांचा चुकला, असं माझे सासरे म्हणायचे म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, रीत होती. पहिल्या माहेरपणाहून परतले आणि पुस्तक माझ्यासाठी थांबलं होतं हे कळलं, तेव्हा या घरात आपण कुणीतरी आहोत असं मला प्रथम वाटलं.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात यजमान शाळेसाठी पाट्या आणि पुस्तकं आणायला मुंबईला गेले. ते आमच्या गावातल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी गणनेच्या पुस्तकातला एक अध्याय संपवला, लाल फीत पुढच्या अध्यायावर ठेवली आणि म्हणाले, "आता आल्यावर इथून."

रेवसला येणारी ती आगबोट बुडाली, हे या किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. कुठे कुठे माणसं वाहत येऊन लागली. गावची मंडळी रेवसपासून खाली खाडीच्या तोंडापर्यंत फिरून आली, पण आमचं माणूस कुठेच लागलं नाही. मिशनचे पाळकसाहेब अलिबागहून आले, मिशनच्या देवळात उपासना झाली, गाणी झाली. पुरायला मात्र काही नव्हतं, आणि जे पुरलं नाही ते गेलं असं मन कसं म्हणणार?

घरात आम्ही दोघीच उरलो, सासूबाई आणि मी. मला शाळेत बालवर्ग मिळाला. दिवेलागण व्हायची, सासूबाई दिवा लावून फळीकडे बघायच्या आणि मी म्हणायचे, "आज नको, आई." रीतीप्रमाणे पुस्तक थांबलं होतं, कारण माणूस यायचं होतं. तो अध्याय त्यांच्याशिवाय वाचायचा म्हणजे ते येणार नाहीत असं आपल्या तोंडानं म्हणायचं, आणि ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

सकाळी मात्र मी रुमाल सोडून पाहायची. वाचायला नव्हे. फीत जागेवर आहे एवढं बघायचं, पुस्तक मिटायचं आणि शाळेला जायचं. शेजारच्या कोळीणबाई एकदा मला म्हणाल्या, "बाय, जो दर्यात ऱ्हायला तो घरला येतोच. उंबऱ्याशी पानी ठेव." मी ताठ्यात सांगितलं की आम्ही ख्रिस्ती माणसं असलं काही मानत नाही. मग घरात येऊन पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी नेऊन ठेवला. सासूबाईंनी तो पाहिला आणि तुळईखालच्या घडवंचीवर परत ठेवला.

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. एके सकाळी मी रुमाल सोडला तर फीत हललेली होती.

गणना सोडून ती शास्त्रातल्या पुढच्या, अनुवाद नावाच्या पुस्तकात गेली होती. खिडकी बंद, दार आतून लावलेलं, घरात माणसं दोन. त्यातली एक मी आणि दुसऱ्या सासूबाई, ज्या अक्षरशत्रू. ज्याला वाचता येत नाही त्याचा फितीशी काय संबंध, एवढा साधा हिशोब करून मी मोकळी झाले. उरलं एकच माणूस. मला भीती वाटली हे खरं, पण तिच्या पोटात आनंद होता हेही खरं. ते आले होते. माझ्याशी न बोलता त्यांनी वाचायला सुरुवात केली होती.

त्या दिवसापासून मी वाचू लागले. फीत जिथे असेल तिथून खाली, ओठातल्या ओठात, चुलीवर चहा उकळेपर्यंत. मला काहीतरी सांगायचंय म्हणून ते ही जागा दाखवतायत, याबद्दल मला शंका नव्हती. आता अनुवादाचं पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना माझी फजिती कळेल. एका सकाळी निघालं की नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा घाल, कुणी पडू नये. आमच्या घरावर मंगलोरी कौलं. त्याच्या जरा वर पाखराच्या घरट्याचा नियम होता. मी दिवसभर पोरांना बाराखडी शिकवताना त्या कठड्याचा अर्थ लावत बसले, आणि संध्याकाळी आमच्या विहिरीला कठडा नाही हे आठवून गवंडी बोलावला. सासूबाईंनी विचारलं, "आताच कसं सुचलं?" मी म्हटलं, "सुचलं." त्या मिश्री लावत तोंड फिरवून हसल्या, ते मला तेव्हा नुसतं खटकलं.

पाळकसाहेब महिन्याकाठी यायचे. त्यांना मी फितीबद्दल सांगितलं नाही, फक्त विचारलं की एखादी ओळ आपल्यासाठीच आहे हे कसं ओळखावं. माणूस भला, पण बोलणं कडक. म्हणाले, "शास्त्र म्हणजे पंचांग नव्हे, बाई. मधलीच ओळ उपटून आपल्या कपाळाला लावू नका. ती कुणी कुणाला म्हटली, तिच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, ते बघा. समजलं नाही तर मागे जा. रोज थोडं वाचा, एकाच जागी बसून, आणि उठताना एक गोष्ट बरोबर न्या." मला राग आला. पण नवऱ्याचा निरोप समजून घ्यायचा तर दुसरा उपाय नव्हता, म्हणून मी मागे जाऊ लागले, पुढे जाऊ लागले. कोण कुणाचा मुलगा, कोणता डोंगर कुठे, कोण कुठे मेलं, हे मला आमच्या गावच्या वाड्यांसारखं माहीत झालं. मागच्या पडवीत, चुलीच्या धगीच्या बाजूला, पाटावर माझी जागा ठरली. उठताना एक गोष्ट न्यायची. कधी ती शाळेपर्यंत पुरे, कधी दुपारच्या भातापर्यंत.

एक अध्याय मात्र मी कधी वाचला नाही. मागे जाताना मी तेवढी दोन पानं न बघता उलटायची. फीत पुढे गेली होती, पण "आता आल्यावर इथून" ही जागा तशीच होती.

फितीचं चालणं विचित्र होतं. कधी एक पान, कधी चार. कधी ती अध्यायाच्या मध्ये, वाक्य अर्धं तुटलेलं असताना पडलेली असे. यजमान आयुष्यात कधी अर्ध्या अध्यायावर थांबले नव्हते. जेवण निवलं तरी चालेल, अध्याय पुरा व्हायचा. मी मनाची समजूत घातली की मेलेल्या माणसाला कसली घाई आणि कसला नियम. प्रेमात माणूस आंधळं होतं म्हणतात, दुःखात तर त्याला नाकही राहत नाही. कारण पानांना वास येत होता.

तो मला आला तेव्हा मी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात होते. पान उलटायला कोपरा धरला आणि कोपऱ्यावर तपकिरी डाग दिसला. नाकाशी नेला. मिश्री. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो वास मी लग्न झाल्यापासून नाकं मुरडत सहन करत आले होते. मी मागची पानं चाळली. जिथे जिथे फीत पडली होती तिथे तिथे कोपऱ्यावर बोट उमटलेलं होतं.

मी सासूबाईंशी दोन दिवस बोलले नाही. त्या फसवत होत्या म्हणून नव्हे. माझा नवरा दुसऱ्यांदा बुडाला होता, आणि या वेळी त्याला बुडवणारी चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. तिसऱ्या सकाळी मी सवयीनं पाटावर जाऊन बसले. फीत पुढे सरकलेली होती. आता कुणी सरकवली ते माहीत असूनही मी तिथून वाचायला लागले, आणि वाचताना माझ्या लक्षात आलं की मला पुढे काय झालं ते हवं होतं. कुणाचा निरोप म्हणून नव्हे, मलाच हवं होतं. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. त्या फीत हलवत राहिल्या आणि मी मागोमाग वाचत राहिले, वर्षामागून वर्षं. तरी एखाद्या सकाळी रुमाल सोडताना वाटायचं, आजचं बोट सासूबाईंचं नसेल. तेवढी आशा मी पाळलेली होती, खोटं कशाला बोलू.

पुढे सासूबाई अंथरुणाला लागल्या. पायातली ताकद गेली, फळीपर्यंत हात पोचेना. तोवर मुरूडकडे जाणाऱ्या एस.टी.चा आवाज आमच्या पडवीत ऐकू यायला लागला होता, आणि बोटीनं जाणाऱ्या माणसांची संख्या रोडावली होती. एके सकाळी मी रुमाल सोडला तर फीत कालच्याच जागी. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मी पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले, पूर्वी बसायची तशीच, नुसती बघत.

आतून सासूबाईंनी हाक मारली. "फीत हलली न्हाय ना?"

मी उठून त्यांच्यापाशी गेले. "नाही, आई."

"आता ती हलायची न्हाय. माजा हात चालत न्हाय." त्या छताकडे बघत होत्या. "तू त्या पानाशी बसून ऱ्हायलीस, बाय. रोज सोडायचीस, बघायचीस, बांधायचीस. मी बोलले असते तर तू मला वैरीन म्हनली असतीस. मग मनात म्हटलं, त्यो पुढं गेला असं तुला वाटलं तर त्याच्या मागनं तू तरी जाशील."

"मला ठाऊक होतं, आई. बऱ्याच वर्षांपासून."

"मला बी ठाऊक व्हतं की तुला ठाऊक हाय. दोन दिस तोंड फुगवून बसली व्हतीस." त्या हसल्या आणि खोकल्या. मी पाणी पाजलं. मग म्हणाल्या, "आता मोठ्यानं वाच. तू मुक्यानं वाचतेस. माझ्या पोरानं थांबवलं तवापासून माझ्या कानावर अक्षर न्हाय. तुझे ओठ हलायचे ते मी चुलीपासनं बघायची."

एकाच घरात, हाताच्या अंतरावर, मी रोज भरल्या ताटावर बसत होते आणि मला वाढणारी उपाशी होती. मी फितीचं पान उघडू लागले, तर त्या म्हणाल्या, "तिथनं न्हाय. तो थांबला तिथनं. त्या पानाला मी बोट जोरात लावून ठेवलंय, सापडंल."

सापडलं. डाग जुना, काळपट, पानातून आरपार गेलेला. इतकी वर्षं मी ज्या अध्यायाला भ्यायले त्यात काय असेल, याचे मी नाना तर्क केले होते. त्यात होती नुसती गावांची नावं. वाळवंटातून जाणारे लोक इथून निघाले आणि तिथे उतरले, तिथून निघाले आणि पलीकडे उतरले. मी मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या ओळींना माझ्या कानात यजमानांचाच आवाज होता, ओळीच्या शेवटी किंचित खाली येणारा. पाचसात मुक्कामांनंतर तो ऐकू येईना. माझाच आवाज राहिला, बायकी, जरा फाटका.

"बोटीच्या बंदरांगत हाय हे," सासूबाई म्हणाल्या. "वाच."

मध्यावर एका डोंगरापाशी त्या लोकांचा म्हातारा याजक मेला. कुठल्या वर्षी, किती वयाचा होऊन, एवढंच लिहिलेलं. आणि थोडं खाली पुन्हा तेच, त्या डोंगरापासून ते निघाले आणि पुढच्या ठिकाणी उतरले.

"थांब," त्या म्हणाल्या. "त्याला तिथंच ठेवून निघाले?"

"हो. डोंगरावर."

"रडले न्हाईत?"

"रडले. ते इथे नाही लिहिलेलं, मागे लिहिलंय." मला पान काढावं लागलं नाही. "सगळे महिनाभर रडले, मग निघाले."

"महिनाभर." त्या पुटपुटल्या. बाहेर कुणीतरी रहाटानं पाणी काढत होतं. मग त्यांनी आपला सुरकुतलेला हात माझ्या हातावर ठेवला. "आपन लई रडलो, बाय. तो गेला."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आणि मग माझ्या तोंडून, त्याच खोलीत, त्याच आवाजात, मीही पहिल्यांदा म्हटलं, "हो आई. गेले."

मी उरलेले मुक्काम वाचून अध्याय पुरा केला. शेवटी ते लोक एका नदीच्या अलीकडच्या काठावर उतरलेले होते. सासूबाईंनी डोळे मिटले होते. मी फीत उचलली, पुढच्या अध्यायावर ठेवली आणि त्यांना सांगितलं, "उद्या इथून."