नवरदेवाची सुरी

दारूबंदी लागली आणि आमच्या रस्त्यावरच्या पोलिसांच्या हातात दाभण आला. काठी आधीपासून होतीच, दाभण नवा. गोणी शिवायचा असतो तोच, लाकडी मुठीचा. का, तर हातभट्टीवाले सायकलच्या ट्यूबमध्ये दारू भरून न्यायचे. त्या भट्ट्या कुठं लागतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिकडं कोण जाणार? त्यापेक्षा नाक्यावर सावलीत बसायचं आणि येईल त्या सायकलच्या टायरात दाभण खुपसायचा. दारू निघाली तर तू चोर. हवा निघाली तर तू सज्जन, जा बाबा, सायकल ढकलत घरी जा.

मी सज्जन होतो, त्यामुळं पुष्कळ वेळा ढकलत गेलेलो. आमचं गाव मानपाड्याच्या पलीकडं, भातशेतीचं. मी कल्याणला भाताच्या गिरणीत कामाला होतो आणि रोज सायकलनं जायचो. वाटेत एका ओढ्यावर मोरी होती आणि मोरीला लागूनच पोलिसांची चौकी. उतार असा की सायकल आपोआप पळायची, आणि नेमकं तळाशी हे बसलेले. थांबायला जरा उशीर झाला की पोटरीवर छडी. का मारली म्हणून विचारलं की दुसरी. मास्तर, कारकून असे धोतर-कोटवाले आले की छडी खाली जायची. आम्हा आगऱ्यांची पोरं दिसली की वर.

मला लहानपणापासून नाकावर माशी बसलेली चालत नाही. एकदा सकाळी शिपायानं पुढच्या चाकात दाभण घातला, हवा गेली, मग हसत हसत मागच्याही चाकात घालायला लागला. मी त्याचं मनगट धरलं, दाभण काढून घेतला आणि ओढ्यात भिरकावला. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. ते फार वेळ टिकलं नाही. आतून हवालदार आला. घाटावरचा माणूस, आडवा, मानेला घामाचा टॉवेल. त्यानं काही न विचारता माझ्या कानाखाली अशी मारली की मी मोरीच्या कठड्यावर आपटलो. मग माझीच सायकल मला डोक्यावर घ्यायला लावली आणि उन्हात उभं केलं. हात खाली आले की पिंढरीवर काठी. बाजारच्या बायका टोपल्या घेऊन जात होत्या, त्या बघत होत्या. सोडताना हवालदार बोलला, "गावशील परत." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त राग आला. तेव्हापासून मी त्याच्यासमोरून जाताना मान खाली घातली नाही आणि त्यानं मला एकदाही बिनमाराचं जाऊ दिलं नाही.

पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मुलगी कल्याणच्या खाडीकडच्या गावातली. मी तिला बघितलेलं एकदाच, तेही चार माणसांत, ती मान खाली घालून बसलेली. बोलायचा तर प्रश्नच नव्हता. तिचा बाप मात्र भारी कडक, रीतिभातीला पक्का. थोरल्या मुलीच्या सोयरिकीत नवऱ्याकडचे मानाचं लुगडं विसरले म्हणून त्यानं भर मांडवातून वरात परत पाठवली होती. सगळ्या पंचक्रोशीत माहीत होतं. आमच्या घरी सगळ्यांना एकच धास्ती, की कुठं काही चुकेल आणि हा म्हातारा लग्न मोडेल.

आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात सुरी देतात. टोकाला लिंबू खोचलेलं. ती सुरी अंतरपाट पडेपर्यंत उजव्या हातातून सोडायची नाही. जेवताना डावा हात, नाहीतर कुणीतरी भरवायचं. झोपतानाही मुठीत. सुरी हातातून पडली तर नवरदेवाला नजर लागते, बाहेरची बाधा होते, आणि अशा नवऱ्याला पोरगी द्यायची की नाही हे मुलीचा बाप ठरवतो. मामानं माझ्या मुठीत सुरी दिली आणि बजावलं, "बाला, मेलास तरी चालेल, पन ही पारू नको. तो म्हातारा पयला तुजा हात बगल."

नवरदेवानं बैलगाडीतून जायची पद्धत. मला गाडी नको होती. तेव्हा गावात आम्हा पोरांना सायकलच्या वरातीची हौस आलेली. डोंबिवलीहून भाड्यानं सायकली आणायच्या, चाकांत रंगीत कागद ओवायचे, घंट्या वाजवत जायचं. आई नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. नवरदेवाचं मन कोण मोडणार? बायका, म्हातारे आणि सामान दोन बैलगाड्यांतून सकाळीच पुढं गेलं. देवापुढं ठेवायची बाटली लागते आमच्याकडं, बंदी असो नाहीतर नसो. ती बाटली त्याच गाडीत, तांदळाच्या टोपलीत. मोरीवर शिपायानं गाडी बघितली, बायकांनी गाणी चालूच ठेवली, आणि गाडी पार झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

आम्ही दुपारी निघालो. अंगाला हळद, डोक्याला मुंडावळ्या, गळ्यात हार, आणि उजव्या मुठीत सुरी. मूठ तशीच हँडलवर दाबून धरलेली. मामा बाजूला, चुलतभाऊ मागं, त्याच्यामागं गावची पोरं. ऊन कडक, पण काही वाटत नव्हतं. मी गात होतो असंसुद्धा नंतर पोरांनी सांगितलं.

उतार लागला तेव्हा कळलं, सायकल थांबवता येणार नाही. उजव्या मुठीत सुरी, त्यामुळं उजवा ब्रेक दाबता येईना. डावा दाबला तर तो भाड्याच्या सायकलचा, नावालाच होता. खाली शिपाई रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा. मी ओरडलो, बाजूला हो. तो झाला नाही. शेवटी मी हँडल वळवलं, तोल सावरायला उजवा हात वर गेला, शिपाई दचकून मागं सरला आणि गटारात बसला. मी पाय घासत घासत पुढं जाऊन थांबलो. सुरी हातातच होती.

चौकीतून हवालदार आला. मला बघून त्याला आनंदच झाला असणार. तो बोलला, "शिपायावर सुरी उगारतोस व्हय? टाक खाली."

"टाकता येत नाही," मी बोललो. "हळद लागलीय."

"ठावं हाय मला," तो बोलला. "आमच्यातबी नवरदेवाला कट्यार आसती. म्हणून तर टाक म्हणतोय."

मला वाटलेलं, त्याला रीत समजत नाही, समजावून सांगू. त्याला सगळं समजत होतं. ही सुरी खाली पडली की माझं काय होणार हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. माणूस इतका नीच असतो हे मला त्या दिवशी, लग्नाच्या दिवशी कळलं.

पहिली काठी मनगटावर बसली. मी मूठ आवळली. दुसरी त्याच जागी. मामानं मध्ये येऊन त्याचे पाय धरले. मामा गावात कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, तो माणूस पोलिसाच्या बुटाला हात लावत होता. बोलला, "सायेब, पाया परतो. मारायचा तं त्या हातावर मारा. हा सोरा." हवालदारानं त्याला लाथेनं बाजूला केलं.

तेवढ्यात चुलतभावाचं डोकं फिरलं. त्यानं सायकलचा पंप काढला आणि गटारातून उठणाऱ्या शिपायाच्या टाळक्यात घातला. रक्त आलं. मग काय, चौकीतले सगळे बाहेर आले. काठ्या पडायला लागल्या. पोरं सायकली टाकून पळाली, काही मोकळ्या शेतात, काही ओढ्यात. चुलतभावाला दोघांनी धरलं आणि तिसऱ्यानं तोंडावर काठीचं बूड मारलं. त्याचे पुढचे दात गेले. तो थुंकत होता आणि शिव्या देत होता, आणि शिवी दिली की पुन्हा मारत होते. सायकली रस्त्यावर आडव्या पडलेल्या, एक शिपाई शांतपणे त्या प्रत्येकीच्या चाकात दाभण घालत फिरत होता. कशात दारू निघाली नाही.

हवालदार माझ्यापासून हलला नाही. त्यानं माझी मूठ मोरीच्या कठड्यावर दाबून धरली आणि मारत राहिला. दर वेळी एकच शब्द, टाक. माझ्या डाव्या हातात जोर होता. मी गिरणीत पोती उचलणारा माणूस, एक ठोसा दिला असता तर तो उताणा पडला असता. मला कळत होतं की उलटा हात टाकला तर कोठडीत जाईन, आणि कोठडीत गेलो तर गोरज मुहूर्त गेला. म्हणून मी, ज्याला कधी कुणाचा एक शब्द सहन झाला नाही, तो मार खात उभा राहिलो. मी रडत होतो. आईला हाका मारत होतो, त्याची मला लाज वाटत नाही. पण मूठ सोडली नाही.

मग हाड मोडलं. आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. बोटांतला जोर एकदम गेला आणि सुरी निसटायला लागली. मला दिसत होती, निसटताना, आणि बोटं ऐकत नव्हती. मामानं झेप घातली आणि माझ्या मुठीवर आपले दोन्ही हात गच्च धरले. पुढची काठी मामाच्या हातावर बसली.

डोक्यातून रक्त येणारा शिपाईच हवालदाराला बोलला, "साहेब, मोडला त्याचा हात. बास झालं." हवालदारानं काठी खाली घेतली, मानेचा टॉवेल काढून तोंड पुसलं. बराच वेळ तो माझ्या मुठीकडं बघत होता. मग बोलला, "जा. लगीन कर." जसं काही त्यानंच मुलगी दिली. चुलतभावाला धरलेल्यांनाही त्यानं सोडा म्हणून खुणावलं.

मामानं डोक्याचा फेटा सोडला आणि माझी मूठ सुरीसकट गुंडाळून बांधली. सायकली कुचकामी झालेल्या. आम्ही चालत निघालो, मी, मामा आणि तोंडावर उपरणं धरलेला चुलतभाऊ. मागून एकेक पोरगा शेतातून बाहेर येऊन मिळत गेला. प्रत्येक पावलाला हात ठणकत होता, आणि माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त तो म्हातारा.

तो मांडवाच्या तोंडाशीच उभा होता. आमची दशा बघितली, वाजंत्री थांबली, आई किंचाळत पुढं आली. म्हाताऱ्यानं तिला हातानं थोपवलं आणि मामाला विचारलं, "सुरी पारली काय?"

"नाय," मामा बोलला.

"सोरून दाखव."

मामानं फेटा सोडला. बोटं काळीनिळी, टम्म सुजलेली, मुठीची त्वचा तडकलेली, आणि मध्ये सुरीचा दांडा. लिंबू कुठंतरी गेलेलं. म्हातारा वाकून नीट बघत राहिला. मला चक्कर येत होती. मला वाटलं, आता हा लिंबाचं काढतो. त्यानं मान हलवली आणि वाजंत्र्यांना खूण केली.

अंतरपाट पडला. मी डाव्या हातानं हार घातला. मग गावच्या हाडवैद्यानं माझी बोटं एकेक करून उघडली, सुरी काढली, बांबूच्या कामट्या बांधल्या. सगळे मांडवात माझं कौतुक करत होते. म्हातारा येईल त्याला सांगत होता, असा जावई मिळायला नशीब लागतं. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या हाताला लेप लावायला बसली. तोपर्यंत आम्ही एकमेकांशी एक अवाक्षर बोललेलो नव्हतो. तिनं कामट्या सोडल्या, हात बघितला, आणि तिचं तोंड रागानं लाल झालं. मला वाटलं, पोलिसांवर रागावली.

"सुरी टाकायची व्हती," ती बोलली.

मी बोललो, "मग तुझ्या बापानं लग्न मोडलं असतं."

"बापानं मोरला असता. मी परसातल्या दारानं पलून आयले असते. तू काय येरा हाय? मी सुरीसंगं लगीन लावलाय?"

तिनं खाली मान घालून लेप लावला आणि कामट्या परत बांधल्या. तो हात पुढं कधी नीट वळला नाही. गिरणीतलं काम गेलं, सायकलही गेली, कारण ब्रेक दाबता येईना. माझ्या सदऱ्याची बटणं ती गेली त्या वर्षापर्यंत तीच लावायची, आणि लावताना दर वेळी एकदा तरी पुटपुटायची, मना आधी इचारला असतास तं.